दुसऱ्याचे जनावर सांभाळण्याचा धंदा : परवाने, नोंदी आणि जबाबदारी

दुसऱ्याचे जनावर सांभाळणे ही गोष्ट मराठवाड्यातील खेड्यास नवी नाही. गावची गुरे रानात नेणारा गुराखी, दुसऱ्याची शेळी अर्धलीने पाळणारे भूमिहीन कुटुंब, चाऱ्याच्या टंचाईत पाहुण्याचे बैल आपल्या दावणीला बांधून घेणारा शेतकरी, हे सर्व आपल्या परिचयाचे आहेत. ह्या व्यवहारांत कागद नसे, शब्द असे. दोन्ही पक्ष एकाच गावचे किंवा एकाच नात्यातले असल्यामुळे तो शब्द पुरत असे.

आता ह्याच कामाला निराळे रूप आले आहे. शहरातील नोकरदार कुटुंब दिवाळीत अगर उन्हाळ्याच्या सुटीत परगावी निघाले, म्हणजे घरचे कुत्रे किंवा मांजर कोठे ठेवावे, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. अशी जनावरे दिवसाच्या दराने ठेवून घेण्याचा धंदा मोठ्या शहरांत चांगलाच रुजला असून त्यास लोक ‘डॉग हॉस्टेल’ किंवा ‘पेट बोर्डिंग’ म्हणतात. आपण ह्या लेखापुरते त्यास ‘सांभाळगृह’ म्हणू. छत्रपती संभाजीनगर शहरालगतच्या गावांतील तरुणांस हा जोडधंदा सोयीचा वाटतो, हे स्वाभाविक आहे. त्यांच्याजवळ मोकळी जागा आहे, विहिरीचे पाणी आहे, जनावराची जाण आहे आणि शहर हाकेच्या अंतरावर आहे.

परंतु ह्या धंद्यास कोणता परवाना लागतो, हा प्रश्न कोणास विचारावा, हेच पुष्कळांस ठाऊक नसते. पैठण रस्त्यावरील एका गावचा पदवीधर शेतकरी तरुण प्रस्तुत लेखकाकडे आला, तेव्हा त्याची शेड उभी राहिली होती. ती शेतजमिनीवर होती, तिच्यातील पंखे कृषिपंपाच्या जोडणीवर चालत होते, आणि ‘सरकारमान्य पेट सिटिंग लायसन्स’ काढून देतो असे सांगून एका मध्यस्थाने त्याच्याकडून बरीच रक्कम घेतली होती. हाती आलेला कागद केवळ उद्यम नोंदणीचा होता, आणि ती नोंदणी विनामूल्य होते. एवढे होईपर्यंत पहिली गिऱ्हाइकेही येऊन गेली होती. त्यांतल्या एका कुत्र्याने त्याच्या धाकट्या भावाच्या पोटरीला चावा घेतला, आणि त्या कुत्र्यास पिसाळीची लस दिली होती किंवा नाही, ह्याचा कोणताही लेख त्याच्याजवळ नव्हता. ह्या एका उदाहरणात सर्व चुका एकत्र आल्या आहेत. त्या इतरांकडून होऊ नयेत, हाच ह्या लेखाचा हेतू होय.

एकच परवाना नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. दुसऱ्याचे पाळीव जनावर मोबदला घेऊन तात्पुरते सांभाळणे, ह्या कामाकरिता म्हणून आपल्या देशात एकच असा स्वतंत्र केंद्रीय परवाना नाही. इंग्लंडमध्ये ह्याकरिता १९६३ साली खास अधिनियम झाला, आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे नवी नियमावली अमलात आली. तीनुसार स्थानिक संस्था जागेची तपासणी करते, तारांकने गुणवत्ता ठरविते आणि एक ते तीन वर्षांचा परवाना देते. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही.

ह्याचा अर्थ आपला धंदा कायद्याच्या बाहेर आहे, असा मात्र नव्हे. जमीन, बांधकाम, वीज, कामगार, कर, वन्यजीव, जनावरांचे रोग आणि त्यांचा छळ ह्या प्रत्येक विषयाचा आपापला कायदा आहे, आणि सांभाळगृहास ते सर्व लागू पडतात. म्हणून ‘अखिल भारतीय परवाना’ काढून देतो, असे सांगणाऱ्या माणसास पैसे देऊ नयेत. आपणच एकेका कार्यालयाची पायरी क्रमाने चढावी. हा क्रम जागेपासून सुरू होतो.

जागा कोणाच्या हद्दीत आहे?

शहराच्या आत एखाद्याने आपल्या राहत्या घरी दोन कुत्री ठेवून घेणे आणि गावच्या शिवारात वीस कुत्र्यांची शेड बांधणे, ह्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिल्याने जागा कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत येते, ते पाहावे.

छत्रपती संभाजीनगर येथे डिसेंबर १९८२ पासून महानगरपालिका आहे. तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ अन्वये चालतो. उपद्रव होण्याचा संभव असलेले व्यवसाय परवान्याखाली आणण्याचा अधिकार महापालिकेस ह्या अधिनियमाने दिलेला आहे, आणि कुत्र्यांवर कर बसविण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणून शहरातील इच्छुकाने महापालिकेच्या परवाना विभागाकडे आणि पशुवैद्यकीय विभागाकडे लेखी अर्ज करावा. अर्जात जनावरांची जास्तीत जास्त संख्या, जागेचे क्षेत्रफळ, सांडपाण्याची व मैल्याची व्यवस्था आणि शेजारच्या घरांचे अंतर ही माहिती द्यावी. घर भाड्याचे असल्यास मालकाची आणि गृहनिर्माण संस्थेत असल्यास संस्थेची लेखी संमती आधीच घ्यावी. रात्री भुंकणाऱ्या कुत्र्यांविषयी पहिली तक्रार नेहमी शेजाऱ्याचीच येत असते.

शहरालगत छावणी परिषदेची हद्द आहे. जागा तीत असेल तर महापालिकेकडे केलेला अर्ज निरुपयोगी ठरतो. अर्ज छावणी परिषदेकडेच करावा लागतो. गावात जागा असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खालील ग्रामपंचायत ही पहिली संस्था होय. तिच्याकडे अर्ज देऊन ना-हरकत दाखला मागावा, आणि त्याची नोंद मासिक सभेच्या ठरावात होईल असे पाहावे. नुसत्या तोंडी होकारावर विसंबू नये. सरपंच बदलतात, ठराव राहतो.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. शहर वाढत असल्यामुळे हद्दी बदलतात. सातारा-देवळाईचा भाग पूर्वी महापालिकेत नव्हता, तो काही वर्षांपूर्वी तीत समाविष्ट झाला. वाळूज, शेंद्रा व बिडकीन ह्या औद्योगिक पट्ट्यांत तर बांधकामाची परवानगी देणारी नियोजन प्राधिकरणे निराळी आहेत. म्हणून जुन्या माहितीवर काम न करता आपला गट क्रमांक आज कोणाच्या अखत्यारीत येतो, ते ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडून, निश्चित करून घ्यावे.

गोठा निराळा, सांभाळगृह निराळे

येथेच शेतकऱ्याची गफलत होण्याचा सर्वांत अधिक संभव आहे. शेतात गोठा बांधण्यास जशी अडचण येत नाही, तशीच कुत्र्यांच्या शेडलाही येणार नाही, अशी त्याची समजूत असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने ‘शेतघर’ कशास म्हणावे, हे सांगितले आहे. अवजारे, खत व चारा ठेवणे, पीक साठविणे, गुरांना निवारा देणे, शेतकऱ्याच्या कुटुंबाने अगर गड्याने राहणे, असे जमिनीच्या कसवणुकीशी निगडित हेतू त्यात येतात. शहरातील गिऱ्हाइकाचे कुत्रे पैसे घेऊन ठेवणे हा हेतू त्यात बसत नाही. तो व्यापारी, म्हणजे अकृषिक वापर होय. असा वापर परवानगीवाचून केल्यास त्याच संहितेखाली दंड आणि पूर्वस्थिती करण्याचा आदेश होऊ शकतो.

अकृषिक वापराची कार्यपद्धती शासनाने अलीकडच्या काळात पुष्कळ सुटसुटीत केली आहे आणि तीत फेरबदलही होत आहेत. सबब शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले, ते प्रमाण मानू नये. सातबारा उतारा आणि गाव नकाशा घेऊन तहसील कार्यालयात जावे, आणि आपल्या गटास आज कोणती पद्धत व कोणता आकार लागू आहे, हे लेखी विचारावे. पहिला पत्रा चढविण्यापूर्वी हे काम उरकले म्हणजे पुढील सर्व खर्च सुरक्षित होतो.

विजेचेही असेच आहे. कृषिपंपाची जोडणी सवलतीच्या दराची असते व ती पाणी उपसण्याकरिता दिलेली असते. तिच्यावर सांभाळगृहाचे पंखे, कूलर अगर दिवे चालविणे हा वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वीज कंपनीकडे निराळ्या जोडणीसाठी अर्ज करावा. ह्यात दोन-चार हजारांचा खर्च वाचविण्याच्या नादात मूळ पंपाची जोडणी अडचणीत आणणे शहाणपणाचे नाही.

धंद्याच्या नोंदी

जागेचा प्रश्न सुटल्यावर धंद्याच्या नोंदींकडे वळावे. त्या थोड्या आहेत.

(१) उद्यम नोंदणी : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती आधार क्रमांकावर होते. तीस कोणतेही शुल्क नाही. बँकेच्या कर्जासाठी ती उपयोगी पडते. मात्र ती नोंदणी आहे, परवाना नव्हे. तिच्यामुळे जागेची वा अन्य कोणतीही परवानगी मिळाली असे होत नाही.

(२) दुकाने व आस्थापना : ह्या विषयावरचा महाराष्ट्राचा अधिनियम २०१७ सालचा आहे. ज्या क्षेत्रास तो लागू आहे, तेथे थोडे कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणी काढावी लागत नाही; धंदा सुरू केल्याची सूचना ठराविक नमुन्यात कामगार विभागास द्यावी लागते व तिची पोच मिळते. ही पोच जपून ठेवावी. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कारणाने नोकरीस ठेवू नये.

(३) व्यवसाय कर : स्वतःचा धंदा करणाऱ्यास १९७५ च्या राज्य अधिनियमाखाली नावनोंदणी करावी लागते. हा कर वर्षाला कमाल २,५०० रुपये आहे. नोंदणीस उशीर झाल्यास दंड पडतो, म्हणून ती पहिल्याच महिन्यात करावी.

(४) वस्तू व सेवा कर : केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या उपचारसेवेस ह्या करातून सूट आहे. परंतु जनावर सांभाळण्याच्या सेवेस ती सूट मिळत नाही, हे लक्षात असावे. उलाढाल लहान असली, तरी प्रत्येक दिवसाचा हिशेब वहीत असावा.

विक्री आणि पैदास ही स्वतंत्र कामे

सांभाळगृह चालू लागले, म्हणजे दोन मोह उत्पन्न होतात. एक पिले विकण्याचा आणि दुसरा पैदास करण्याचा. ही दोन्ही कामे मूळ धंद्याच्या नोंदीत येत नाहीत.

कुत्र्यांची पैदास व विक्री ह्यांसंबंधी केंद्र शासनाचे २०१७ चे नियम आहेत आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानासंबंधी २०१८ चे नियम आहेत. दोन्ही नियम प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली केलेले आहेत, आणि दोन्हींप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे आधी नोंदणी करावी लागते. विक्रीसाठी जनावर ठेवले की ती जागा ‘दुकान’ ठरते. मग ते आठवडी बाजारात ठेवलेले असो की मोबाईलवर जाहिरात देऊन घरी ठेवलेले असो. म्हणून केवळ सांभाळण्याचे काम करणाऱ्याने आपल्या आवारात विक्रीचे एकही पिलू ठेवू नये. विक्री करावयाचीच असेल, तर जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाकडून माहिती घेऊन स्वतंत्र नोंदणी करावी.

कोणते प्राणी स्वीकारू नयेत

पिंजऱ्यातला राघू ही पुष्कळ घरांतील आवडती गोष्ट. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडील जंगली पोपट पकडणे, विकणे वा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. पाठीवर चांदणीसारखी नक्षी असलेल्या कासवाचेही तसेच आहे. गिऱ्हाइकाने ‘चार दिवस ठेवा’ म्हणून असा पक्षी अगर कासव आणले आणि आपण ते ठेवून घेतले, तर ते आपल्या ताब्यात सापडते. ‘माझे नाही’ हे उत्तर तेथे पुरेसे होत नाही.

परदेशी मकाव, राखी आफ्रिकी पोपट, इग्वाना इत्यादी प्राण्यांपैकी ज्या जाती ह्या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या मालकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार ‘परिवेश’ ह्या शासकीय संकेतस्थळावर नोंद करावयाची असते. असा प्राणी आल्यास नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत घेतल्यावाचून तो स्वीकारू नये. नवशिक्याने तर आरंभी कुत्री व मांजरे ह्यांपलीकडे जाऊच नये.

रोगाविषयीचे कर्तव्य

पिसाळ रोग, ज्यास रेबीज म्हणतात, तो एकदा लक्षणे दिसू लागल्यावर माणसास बहुधा जिवानिशीच नेतो. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे वेळीच लस. म्हणून सांभाळगृहाच्या दारावरचा पहिला नियम असा असावा : लसीचा लेख नाही, तर प्रवेश नाही. पिलास साधारण तीन महिन्यांच्या वयात पहिली मात्रा, त्यानंतर पशुवैद्याने सांगितलेली दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असा सामान्य क्रम आहे. लस दिल्यावर शरीरात शक्ती येण्यास काही आठवडे लागतात. तेव्हा आदल्या दिवशी लस टोचून आणलेले कुत्रेही घेऊ नये. पार्व्हो व डिस्टेम्पर ह्या रोगांच्या लसीही झालेल्या असाव्यात, कारण ते एका कुत्र्यापासून दुसऱ्यास झपाट्याने लागतात. नव्याने आलेल्या किंवा आजारी जनावरासाठी एक खण इतरांपासून दूर राखून ठेवावा.

येथे कायदाही आहे. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी केलेल्या २००९ च्या अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे अनुसूचित रोगाचा संशय येताच त्याची खबर देणे हे मालकाचे, तसेच ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्या माणसाचेही कर्तव्य आहे. रेबीज हा अनुसूचित रोग आहे. म्हणजे मालक परगावी असला तरी खबर आपणच द्यावयाची. धंद्याची बदनामी होईल म्हणून ती दडपणे हा मोठा अपराध होय.

कोणासही चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची असले काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. चावणारे कुत्रे मारून टाकू नये. ते बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवावे. मात्र त्या दहा दिवसांच्या निकालाची वाट पाहत माणसाची लस लांबवू नये. सांभाळगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्वप्रतिबंधक लस आधीच टोचून घेणे इष्ट आहे.

जनावर आजारी पडल्यास इंजेक्शन देणे, औषध ठरविणे हे काम नोंदणीकृत पशुवैद्याचे आहे. जवळच्या पशुवैद्याशी आगाऊ बोलणे करून त्यांचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

सोपविलेल्या जनावराचा कायदा

आता सर्वांत महत्त्वाच्या, परंतु सर्वांत दुर्लक्षित बाबीकडे येऊ. गिऱ्हाइकाने साखळी आपल्या हाती दिली, त्या क्षणी एक करार झाला. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये दुसऱ्याची वस्तू विशिष्ट कामासाठी ताब्यात घेऊन काम संपताच परत करण्याच्या व्यवहाराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. विशेष म्हणजे त्यातील कित्येक उदाहरणे गाय व घोडा ह्यांचीच आहेत. ती शेतकऱ्यास सहज समजतील.

कलम १५१ सांगते की, साधारण सुज्ञ मनुष्य आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी सोपविलेल्या वस्तूची घेतली पाहिजे. एवढी काळजी घेऊनही हानी झाली, तर विशेष करार नसल्यास जबाबदारी येत नाही. म्हणूनच काळजी घेतल्याचा लेख, म्हणजे रोजचे खाणे, पाणी, फिरविणे व प्रकृती ह्यांची नोंद, हाच आपला खरा बचाव होय.

कलम १५० मालकावर कर्तव्य टाकते. खोडकर घोडा आहे हे ठाऊक असून मालकाने ते सांगितले नाही, आणि घोडा उधळून घेणारा जखमी झाला, तर भरपाई मालकाने द्यावी, असे तेथे उदाहरण आहे. कुत्रे चावरे आहे काय, पूर्वी कोणास चावले आहे काय, हे आपण लेखी विचारावे आणि उत्तरावर मालकाची सही घ्यावी.

कलम १५४ म्हणते की, ठरलेल्या कामाखेरीज निराळा उपयोग केला, तर निष्काळजीपणा नसला तरी भरपाई द्यावी लागते. सांभाळण्यासाठी आलेल्या जातिवंत कुत्र्याचा उपयोग मालकास न विचारता पैदाशीसाठी करणे ह्यात स्पष्टपणे येते. कलम १६० व १६१ प्रमाणे मुदत संपताच जनावर परत केले पाहिजे. आपल्या चुकीने उशीर झाला, तर त्यानंतरच्या हानीस आपण जबाबदार ठरतो. आणि कलम १६३ चे उदाहरण तर आपल्या गावातलेच वाटावे असे आहे : गाय सांभाळण्यास दिली व ती व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकास दिले पाहिजे. कुत्रीला पिले झाल्यास हाच न्याय. अर्धलीचा व्यवहार निराळा. तेथे वाटा आधी ठरलेला असतो.

ह्यासाठी छापील पावतीवजा करारपत्र करावे. त्यात मालकाचे नाव व पत्ता, जनावराचे वर्णन व छायाचित्र, आणल्याचा व नेण्याचा दिवस, दर, आगाऊ रक्कम, लसीची तारीख, आहार, स्वभाव, तातडीच्या उपचारास संमती व खर्चाची मर्यादा आणि मुदतीत न नेल्यास काय करावयाचे, एवढ्या गोष्टी असाव्यात. पैसे शक्यतो आगाऊ घ्यावेत. बाकी राहिली म्हणून जनावर अडवून ठेवण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

ह्या कराराच्या वर मुक्या जनावराचा स्वतःचा कायदा आहे. १९६० च्या अधिनियमाचे कलम ३ केवळ मालकास उद्देशून नाही. जनावर ज्याच्या देखरेखीखाली आहे त्या प्रत्येकावर ते कर्तव्य टाकते. आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे हे कलम ११ प्रमाणे गुन्हे आहेत. तेथील दंड जुन्या काळचा व लहान आहे, म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. जनावरास ठार मारणे, विष घालणे वा अपंग करणे ह्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, आणि ताब्यातील जनावरापासून माणसास इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात.

कामाचा क्रम

इच्छुकाने पुढील क्रम पाळावा :

१. जागेची हद्द व सातबारा तपासणे.
२. ग्रामपंचायत, महापालिका अगर छावणी परिषद ह्यांकडे लेखी अर्ज.
३. जमिनीच्या वापराविषयी तहसील कार्यालयात आणि बांधकामाविषयी नियोजन प्राधिकरणाकडे विचारणा व परवानगी.
४. निराळी वीजजोडणी.
५. नंतरच बांधकाम.
६. उद्यम नोंदणी, आस्थापनेची सूचना, व्यवसाय कर.
७. पशुवैद्याशी ठराव, कामगारांस लस.
८. करारपत्र व दैनंदिन नोंदवही छापून घेणे.
९. दोन-तीन जनावरांपासून प्रारंभ.

प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असलेल्या सेवांना मुदत ठरलेली असते आणि मुदतीत काम न झाल्यास अपील करता येते. पोच नसेल तर मुदत कोठून मोजावयाची, हाच वाद उभा राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

सहाय्यक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व पशुधन पर्यवेक्षक ह्यांच्याकडे असा तरुण येईल, तेव्हा ‘हे आमच्या खात्याचे काम नाही’ असे म्हणून त्यास परत पाठवू नये. हे काम कोणत्याही एका खात्याचे नाही, म्हणूनच मध्यस्थाचे फावते. वरील क्रम एका कागदावर लिहून त्याच्या हाती दिला, तरी त्याचे अर्धे नुकसान टळेल.

आरंभी उल्लेखिलेल्या तरुणाच्या भावाची जखम आईने लागलीच साबणाने धुतली होती आणि त्याच संध्याकाळी त्यास लस मिळाली. तो सुखरूप आहे. कुत्रेही दहा दिवसांनंतर निरोगी राहिले. त्या तरुणाने वीजजोडणी निराळी घेतली, जमिनीच्या वापराचा अर्ज केला आणि तो मंजूर होईपर्यंत शेड रिकामी ठेवली. “साहेब, कागदापेक्षा ते दहा दिवस मोठे होते,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे आहे. परवाना नसल्याचा दंड भरून टाकता येतो. पण लसीचा लेख न पाहता दावणीला बांधलेल्या एका जनावराची किंमत घरातल्या माणसाने मोजावी लागू शकते. सबब ज्यास हा धंदा करावयाचा आहे, त्याने शेडचा पत्रा घेण्याआधी नोंदवही घ्यावी आणि पहिले जनावर घेण्याआधी तिचे पहिले पान भरावे.